उल्लेखनीय कोण, आणि कोणाच्या साक्षीने?

ऑनलाइन ज्ञानकोशात एखाद्या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा की नसावा, हे ज्या निकषाने ठरते त्याला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर २००६ च्या सुमारास या निकषाला आजचे रूप येऊ लागले. तेव्हापासून त्याविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ही लायक माणसे निवडणारी चाळणी आहे. दुसऱ्या मताप्रमाणे मूठभर हौशी संपादकांनी बळकावलेला तो अधिकार आहे. एकमेकांशी भांडणारी ही दोन्ही मते एकाच समजुतीवर उभी आहेत: ज्ञानकोश माणसाची योग्यता ठरवतो. ही समजूतच उथळ आहे.

उल्लेखनीयता हा व्यक्तीच्या अंगचा गुण नाही. जिच्याशी आपला काही हितसंबंध नाही अशा व्यक्तीविषयी तिऱ्हाइतांनी काय आणि किती लिहून ठेवले आहे, त्याचा तो हिशेब आहे. निर्णयाचा मोठा भाग ज्ञानकोशाचे पान उघडण्याच्या कितीतरी आधी, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, विद्यापीठांत, प्रकाशनसंस्थांत आणि दप्तरखान्यांत होऊन गेलेला असतो. हे मान्य केले की दोन गोष्टी ओघानेच येतात. लेख नाकारला जाणे हा त्या माणसाचा अपमान ठरत नाही. आणि निकष कितीही प्रामाणिकपणे लावला तरी तो निःपक्ष ठरत नाही, कारण ज्या नोंदींवर तो उभा आहे त्या नोंदी निःपक्ष नसतात.

१. निकष नेमके काय मागतो

सर्वसाधारण निकषात तीन अटी आहेत. व्यक्तीविषयी विस्ताराने लिहिले गेलेले असावे. यादीत नाव असणे किंवा बातमीत ओझरता उल्लेख असणे पुरेसे नाही. लिहिणारे प्रकाशन विश्वसनीय असावे, म्हणजे मजकूर तपासणारी संपादकीय यंत्रणा तेथे असावी. आणि लिहिणारा स्वतंत्र असावा. स्वतःचे संकेतस्थळ, मालकाचे पत्रक, प्रकाशकाने काढलेली ओळख किंवा पैसे मोजून छापून आणलेली मुलाखत यांतले काहीही चालत नाही.

याखेरीज काही क्षेत्रांसाठी वेगळे निकष आहेत. प्राध्यापक आणि संशोधकांच्या बाबतीत त्यांच्या कामाचा त्यांच्या विषयावर पडलेला प्रभाव, मोठ्या विद्वत्संस्थेचे निवडून मिळालेले सदस्यत्व किंवा अध्यक्षपद यांना महत्त्व दिले जाते, कारण संशोधकांविषयी वृत्तपत्रे क्वचितच लिहितात. खेळाडूंच्या बाबतीत दीर्घकाळ उलटी स्थिती होती. प्रथम श्रेणीचा एक क्रिकेट सामना खेळलेला खेळाडूही केवळ तेवढ्यावर पात्र मानला जाई. २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी लांबलचक चर्चेनंतर निव्वळ सहभागावर आधारलेले असे निकष काढून टाकले. एका डावात चार धावा केलेल्या फलंदाजाची नोंद होती आणि आयुष्यभर शिकवणाऱ्या, लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ स्त्रीची नव्हती, हे चित्र थोरवीच्या कोणत्याही कल्पनेतून निघत नाही. धावफलक छापले जातात, जपले जातात आणि शोधता येतात. प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामाचे तसे होत नाही. चित्राचे कारण एवढेच.

२. संपादकाची जागा संदर्भांनी का घेतली

छापील कोशांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. फक्त त्याचे उत्तर देणारा माणूस समोर दिसत असे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढले, तेव्हा काय घ्यायचे आणि काय वगळायचे याची जबाबदारी त्यांच्या नावावर होती. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशा तीन चरित्रकोशांतील निवड स्वतःच्या विद्वत्तेच्या बळावर केली. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली वाईत सुरू झाले, तेव्हा मंडळ होते, विषयवार अभ्यासक होते, नोंदींखाली लेखकांची नावे होती. ब्रिटनच्या ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’चा पहिला खंड १८८५ मध्ये आला. त्याचे संपादक नियोजित नावांच्या याद्या नियतकालिकात छापून वाचकांच्या सूचना मागवत, पण शेवटचा शब्द संपादकाचा असे.

विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला तो या शेवटच्या शब्दाशिवाय. लिहिणारा टोपणनावाने लिहितो. तो प्राध्यापक असेल, शाळकरी मुलगा असेल किंवा स्वतःचीच जाहिरात करणारा असेल. त्याच्या ज्ञानाची हमी कोणी देत नाही, म्हणून हमी वाक्याला जोडलेल्या संदर्भाकडून घ्यावी लागते. ज्ञानकोशात नवे संशोधन छापायचे नाही, हा नियमही त्यातूनच येतो. ज्याच्याविषयी स्वतंत्र लेखन मुळीच उपलब्ध नाही, त्याच्यावर लेख लिहायचा तर संपादकाला स्वतः चौकशी करावी लागेल, लोकांना भेटावे लागेल, कागद पाहावे लागतील. ते काम चरित्रकाराचे आहे, आणि ते तपासण्याची कोणतीही सोय या कोशात नाही. उल्लेखनीयतेचा निकष ही त्या रचनेची अपरिहार्य किंमत आहे. संपादकपद रद्द करायचे आणि संपादकाचा विवेक मात्र शिल्लक राहावा, असे दोन्ही एकदम मागता येत नाही.

३. स्ट्रिकलंड प्रकरण

२ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्या वेळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचा लेख नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात एका संपादकाने आलेला मसुदा परत पाठवला होता. जोडलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही, असे कारण होते. ज्यांच्याबरोबर त्यांना पारितोषिक विभागून मिळाले त्या जेरार मुरू यांचा लेख २००५ पासून होता. लेझरचे स्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आक्रसण्याच्या ज्या तंत्रासाठी पारितोषिक मिळाले, त्याचा १९८५ चा मूळ शोधनिबंध दोघांचा होता.

या प्रकरणावर जगभर टीका झाली ती ‘ज्ञानकोशाला स्त्रीची थोरवी ओळखता आली नाही’ अशी. टीकेमागचा संताप योग्य होता. निदान अपुरे होते. तपशील जवळून पाहिले तर दोन वेगळे दोष दिसतात. पहिला निकष लावण्यातला. स्ट्रिकलंड २०१३ मध्ये ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, आणि संशोधकांसाठीच्या वेगळ्या निकषानुसार एवढ्यावरच त्या पात्र ठरत होत्या. मसुदा तपासणाऱ्याने सर्वसाधारण निकष लावला आणि विशेष निकष बाजूला राहिला. हजारो मसुदे मोजक्या स्वयंसेवकांनी तपासायचे, तेही बहुतेकदा स्वतःच्या विषयाबाहेरचे, असे काम चालते तेथे अशा चुका होणारच. दुसरा दोष अधिक खोल आहे. तीस वर्षांहून अधिक काळ या क्षेत्रात काम केलेल्या शास्त्रज्ञाविषयी विस्ताराने लिहावे असे वृत्तपत्रांना, विज्ञानविषयक मासिकांना, पुस्तकांना वाटले नव्हते. नोबेलनंतर दोन तासांच्या आत लेख तयार झाला. त्या दोन तासांत स्ट्रिकलंड यांच्या कार्यात काहीही बदलले नव्हते. त्यांच्याविषयी लिहिणारे अचानक मिळाले होते.

४. साक्ष मागाहून येते

व्यक्तीचे कार्य आणि त्या कार्याची साक्ष यांत कधी दशकांचे अंतर पडते, कधी शतकाचे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. महात्मा फुले यांनी त्याची बाजू घेतली, पण एरवी तो जवळजवळ विस्मृतीत गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो संपादित करून पुन्हा प्रकाशित केला. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, अभ्यासकांचे लेख आले, आणि आज भारतीय स्त्रीवादी विचाराचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. १९७० मध्ये आजच्यासारखा ऑनलाइन कोश असता आणि कोणी ताराबाईंवर मसुदा दिला असता, तर आजच्या निकषाने तो बहुधा परत गेला असता. मालशे यांच्या प्रकाशनानंतर काही वर्षांनी तोच मसुदा निर्वेध स्वीकारला गेला असता.

मुक्ता साळवे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. तिच्याविषयी फारच थोडी माहिती उपलब्ध आहे. तरीही तिचे नाव राहिले, कारण एका संपादकाने तिचा मजकूर छापण्याजोगा मानला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो अंक शोधून काढला. त्याच शाळांतील बाकीच्या मुलींचे काय झाले, त्यांच्यापैकी आणखी कोणी काय लिहिले, याची तशी नोंद नाही. मुक्ता त्यांच्यापेक्षा थोर होती की नाही, हे कोणताही कोश सांगू शकणार नाही. तिच्या बाबतीत साक्ष आहे, एवढेच तो सांगू शकतो.

नामांकित संपादकमंडळानेही यातून सुटका होत नाही. कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८८९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची कविता बहुतांश अप्रकाशित होती. संग्रह निघाला तो १९१८ मध्ये. ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशात त्यांना जागा मिळाली ती १९९३ च्या पुरवणी खंडात. वगळलेल्या माणसांसाठीच तो खंड काढावा लागला होता.

५. साक्षीदार कोण होते

उल्लेखनीयता साक्षीवर ठरते असे म्हटले की पुढचा प्रश्न साक्षीदारांचा. २०१८ च्या मार्चमध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने जाहीरपणे मान्य केले की १८५१ पासून त्याने छापलेले मृत्युलेख प्रामुख्याने गोऱ्या पुरुषांचे होते. वगळल्या गेलेल्या स्त्रियांवर त्याने उशिरा मृत्युलेख लिहायला सुरुवात केली. पहिल्याच तुकडीत ब्रुकलिन पुलाचे बांधकाम तडीस नेणाऱ्या एमिली रोबलिंग होत्या, आणि १९६९ मध्ये मुंबईत वारलेली मधुबालाही होती. विश्वसनीय स्रोत म्हणून ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, त्या दैनिकाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या नोंदींत ही पोकळी होती. अशा नोंदींवर उभा राहणारा कोश तीच पोकळी पुढे नेतो. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे आजही सुमारे पाचवा हिस्सा आहेत, याचे मुख्य कारण येथे आहे.

मुख्य कारण, एकमेव नव्हे. सगळा दोष वृत्तपत्रांवर आणि इतिहासावर ढकलून ज्ञानकोशाच्या संपादकांना मोकळे होता येणार नाही. समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का ट्रिपोडी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रांत स्त्रियांचे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास असताना, उल्लेखनीयतेच्या नावाखाली वगळण्यासाठी सुचवलेल्या चरित्रांत ते २५ टक्क्यांहून अधिक होते. शिवाय त्यांपैकी कितीतरी लेख चर्चेअंती टिकले, म्हणजे ते मुळात निकषात बसत होते. एखादा लेख वगळावा की ठेवावा, यावरची चर्चा साधारण आठवडाभर चालते आणि तीत अनेकदा चार-पाच जणच भाग घेतात. त्या चार-पाच जणांना कोणती नावे ओळखीची वाटतात आणि कोणत्या नावाभोवती शंका येते, यावर बरेच अवलंबून राहते. साक्षीतली विषमता आणि साक्ष वाचणाऱ्याचा पूर्वग्रह अशा दोन गाळण्या एकापाठोपाठ लागतात. पहिली गाळणी कोशाच्या हातात नाही. दुसरी पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि तिच्याबद्दल त्याला जाब विचारलाच पाहिजे.

६. आक्षेप: जागेला तोटा नाही, मग अडवायचे कशाला?

निकष रद्दच करावा, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. छापील खंडाला पानांची मर्यादा होती. संगणकाला ती नाही. कोणाचाही लेख असू द्यावा, वाचणारा वाचेल.

कमतरता जागेची कधीच नव्हती; ती लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची आहे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्या चरित्रात कोणीतरी असा मजकूर घातला की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा काही काळ संशय होता. तो निखालस खोटा होता आणि सुमारे चार महिने तसाच राहिला. सीगेनथेलर नामांकित होते, त्यांना दैनिकात लेख लिहून दाद मागता आली. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसावर लेख असेल, त्यावर कोणाची नजर नसेल आणि पडताळण्यासाठी दुसरीकडे काहीच छापलेले नसेल, तर बदनामी किती वर्षे टिकेल याला धरबंध नाही. एकाच घटनेमुळे बातमीत आलेल्या व्यक्तीवर स्वतंत्र चरित्रलेख शक्यतो नसावा, हा नियमही याच काळजीतून आला आहे. अपघातग्रस्त, गुन्ह्याचा बळी, एका चित्रफितीमुळे दोन दिवस चर्चेत आलेला विद्यार्थी यांना विसरले जाण्याचाही हक्क आहे. ज्ञानकोशात नसणे ही अनेकांच्या दृष्टीने सुरक्षितता आहे, हे ‘सर्वांना घ्या’ म्हणणारे लक्षात घेत नाहीत.

या आक्षेपाला आणखी एक उत्तर २०१५ मध्ये मिळाले. त्या वर्षी इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. या टोळीची पद्धत अशी होती: ज्यांचे मसुदे नाकारले गेले आहेत असे छोटे व्यावसायिक आणि कलावंत हुडकायचे, जाणकार संपादक असल्याची बतावणी करून पैशांच्या बदल्यात लेख प्रसिद्ध करून द्यायचा, आणि मग तो वगळला जाऊ नये म्हणून दरमहा रक्कम मागायची. ज्ञानकोशातील लेखाला बाजारभाव आलेला आहे. कुंपण काढून टाकले तर आत सगळ्यात आधी येईल तो पैसे मोजू शकणारा. उपेक्षित कलावंताचा क्रमांक त्याच्या बराच मागे लागेल.

७. आक्षेप: ज्यांची परंपरा मौखिक आहे त्यांचे काय?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर अजून सापडलेले नाही. लिहिणे आणि छापणे ज्यांच्या हाती कधी नव्हते त्यांची साक्ष छापील स्वरूपात मागणे, म्हणजे जुन्या अन्यायावर नव्याने शिक्का मारणे होय. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि नॉर्दर्न सोथो या भाषांत, गावातील जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या लेखांना संदर्भ म्हणून जोडण्यात आल्या. प्रयोग गाजला, पण इंग्रजी विकिपीडियाने ही पद्धत सर्वसाधारणपणे स्वीकारली नाही.

नाकारण्याचे कारण निव्वळ हटवादीपणाचे म्हणता येणार नाही. लोकांचे खेळ, विधी, पाककृती यांच्याबाबत दहा जणांचे सांगणे ताडून पाहता येते. व्यक्तीच्या बाबतीत सांगणारे बहुधा नातलग, शिष्य, गावकरी किंवा प्रतिस्पर्धी असतात आणि स्वातंत्र्याची अटच कोसळते. मार्ग आहे तो एक टप्पा आधी. ध्वनिमुद्रण थेट लेखाला न जोडता आधी विद्यापीठाच्या, ग्रंथालयाच्या किंवा लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या संग्रहात जावे. तेथे ते तपासले जावे, त्यावर कोणीतरी लिहावे, आणि मग कोशाने ते वापरावे. हे संथ आहे, खर्चिक आहे, पण टिकाऊ आहे.

८. मराठी कोशापुढील प्रश्न

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो. इंग्रजीतील निकष जसाच्या तसा उचलण्याची सक्ती नाही. तत्त्व एकच ठेवून साक्षींचे मूल्यमापन मात्र येथील लेखनव्यवहार पाहून करावे लागेल.

मराठीत माणसांविषयी लिहिले जाते ते कोठे? दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या आणि रविवार पुरवण्या, दिवाळी अंक, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, संस्थांचे अमृतमहोत्सवी अंक, पीएचडीचे प्रबंध, जिल्हा गॅझेटियर, आणि गाव किंवा ज्ञातीचे इतिहास. यांची प्रतवारी सरसकट करता येत नाही. गौरवग्रंथ शिष्य आणि स्नेही मिळून काढतात. त्यातील आठवणी स्वतंत्र साक्ष म्हणून चालणार नाहीत, पण त्याच ग्रंथात एखाद्या तटस्थ समीक्षकाने केलेली साधार चिकित्सा चालू शकते. स्मरणिकेतला परिचय अनेकदा जाहिरातदाराच्या पानासमोर छापलेला असतो. तो जपूनच घ्यावा. उलट, तमाशाच्या फडावर किंवा एखाद्या कामगार चळवळीवर तपासला गेलेला प्रबंध ही भक्कम साक्ष आहे, आणि ती बहुतेक वेळा विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर पडतच नाही. वृत्तपत्रांच्या बाबतीत २००९ च्या निवडणुकांनंतर उघड झालेला ‘पेड न्यूज’चा प्रकार विसरता येणार नाही; २०१० मध्ये प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या उपसमितीने त्याची चौकशी केली होती. वाढदिवसाच्या पुरवणीतील पानभर गौरव आणि बातमीदाराने स्वतः फिरून लिहिलेला अर्धा स्तंभ यांत दुसऱ्याचे वजन जास्त धरले पाहिजे.

शोध घेण्याची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. युनिकोड रुळण्यापूर्वीची कितीतरी वर्षे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालींतील टंकांत जुळवला जात होता. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असत ती भलतीच चिन्हे. अशा फाइलींत एखाद्या लोकशाहिराचे नाव कितीही वेळा आलेले असले तरी आज ते नाव टंकून शोधले की हाती काही लागत नाही. त्याआधीचा मजकूर शिशाच्या खिळ्यांनी छापलेला, आणि त्याचे अंक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांच्या कपाटांत. मसुदा तपासणारा शोधयंत्रात नाव टाकतो, दोन-चार दुवे येतात किंवा येतच नाहीत, आणि तो ‘संदर्भ नाहीत’ असा शेरा मारतो. वास्तविक संदर्भ आंतरजालावर असलाच पाहिजे, असे निकषात कोठेही म्हटलेले नाही. छापील पुस्तकाचा पृष्ठक्रमांक तितकाच ग्राह्य आहे. म्हणून विसाव्या शतकातील मराठी व्यक्तींच्या बाबतीत, ग्रंथालयात पाहिल्याखेरीज लेख वगळण्याचा निर्णय होऊ नये, एवढा नियम मराठी विकिपीडियाने करण्यासारखा आहे. त्यासाठी आठवड्याची मुदत पुरणार नाही. दोन-तीन महिने द्यावे लागतील.

स्वतंत्र लेख किंवा काहीच नाही, अशी दोनच टोके ठेवण्याचेही कारण नाही. स्वतंत्र लेखाइतकी साक्ष नसलेल्या नटाची माहिती नाटकमंडळीच्या लेखात, शिक्षिकेची शाळेच्या लेखात, सत्याग्रहीची त्या सत्याग्रहाच्या लेखात दोन साधार वाक्यांत देता येते, आणि त्या नावाने शोधणाऱ्याला तेथवर पोचवता येते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या विकिपीडियाच्या सहप्रकल्पावर तर जन्म, मृत्यू, व्यवसाय आणि ग्रंथ एवढ्याच माहितीची नोंद करण्यासाठी बराच सौम्य निकष आहे. गंभीर, सार्वजनिक संदर्भाने ओळख पटली की पुरे. नाकारलेल्या प्रत्येक मसुद्यामागे कोणता संदर्भ कमी पडला आणि तो कोठे मिळण्याची शक्यता आहे, हे चर्चापानावर लिहून ठेवले, तर पुढच्या अभ्यासकाला शोध तेथून पुढे नेता येतो.